न जुळणारी तारीख

मंगळवार, २ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. पण असे? असे कधी गेले नव्हते!

आरती झाली, मंत्रपुष्पांजली चालू होती. सून माझ्या डाव्या बाजूला, हातात दहीपोह्यांची वाटी. वाटी पडल्याचा आवाज आला म्हणून वळले, तर आकांक्षाची मान एकीकडे ओढलेली, डोळे वर. मग धाडकन खाली. सगळं अंग ताठ — आणि झटके. वैभव ओरडला, "आई, कुशीवर कर तिला! तोंडात काही घालू नका!" वासंतीवन्सं नाकाला लावायला चप्पल शोधत होत्या. गौरीसमोर चप्पल!

दीड मिनिट. वैभवने घड्याळात बघून मोजलं. मला वाटलं दिवस सरला.

विसर्जनाला घरातून हे एकटेच गेले, मजल्यावरच्या दोघातिघांना घेऊन. वैभव बायकोजवळ बसला. मी पाट पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

त्या गोळ्या मी आणल्या होत्या. कुणाला तरी सांगायला हवं, तर ह्या पानाला.

बुधवार, ३ सप्टेंबर

एकादशी. उपास आहे, पण भूक-तहान आठवतच नाही.

नीट लिहिते. लग्न फेब्रुवारीत झालं. जूनमध्ये पहिली फिट आली, दादरच्या लॅबमध्ये कामावर असताना. रक्त काढायचं काम तिचं — नशीब, सुई हातात नव्हती. परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, रोजची गोळी सुरू झाली. तरी जुलैत एक, ऑगस्टमध्ये एक. वन्सं तेव्हापासून म्हणतायत, "फसवल्यानी गो तुका!" तिची आई हात जोडून सांगून गेली — तीन वर्षांची असताना तापात एकदा झालं होतं, त्यानंतर कधी नाही. मी विश्वास ठेवला. अजून ठेवते.

आणि यंदा गौर पूर्वा नक्षत्रात! नव्या सुनेने पहिला ओवसा पूर्वातल्या गौरीलाच भरायचा, आमच्यात तसंच आहे. पाच सुपं भरून गौरीवरून ओवाळायची. पुढच्या वर्षी पूर्वा नाही, मी पंचांग बघितलं होतं. हिची पाळी कधी येते तेही मला ठाऊक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल ठिपका देते, देवाचं कोण करणार ते आधी ठरवता यावं म्हणून. ठिपके मोजले. एक सप्टेंबर. नेमका पूजेचा दिवस!

म्हणून नाक्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. म्हणाला, "पाळी पुढे ढकलायची ना काकी? गणपतीत सगळ्याच नेतात, काय होत नाय." सुनेला फिट येतात हे मी सांगितलं नाही. विचारलं तर सांगू, असं मनाशी धरलं होतं. त्याने विचारलं नाही.

आकांक्षाने पट्टी उलटसुलट करून बघितली. "परळच्या डॉक्टर मॅडमना विचारूया का, आई?"

"पाच दिवसांचा तर प्रश्न. मॅडमना काय कळतंय ओवशातलं!"

तिने पट्टी पर्समध्ये टाकली. रोज विचारत होते — घेतलीस? "हो, आई."

पाळी आली नाही. ओवसा झाला. गौरीला साडी तिनेच नेसवली, एकेक निरी बोटाने दाबून दाबून. इतकी चापूनचोपून साडी ह्या घरात कुणी नेसवली नव्हती, सासूबाईंनीसुद्धा नाही. मुखवटा आता बोलेल की काय असा दिसत होता. मी भरून पावले होते.

आणि दुसऱ्याच दिवशी हे.

शनिवार, ६ सप्टेंबर

आकांक्षा आज बाजूला बसली. ठिपका दिला. म्हणजे गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं — पाच दिवस पुढे.

अनंत चतुर्दशी. खाली रस्ता माणसांनी फुटतोय. चाळीत होतो तेव्हा ढोल दारात वाजायचे, आता सतराव्या मजल्यावर येतात आणि तिथेही छातीत वाजतात. ती आत झोपली होती. खिडक्या लावून घेतल्या.

रविवार, ७ सप्टेंबर

ग्रहण. दुपारपासून वेध. तरी वासंतीवन्सं वरळीहून आल्याच.

"वहिनी, ह्यां साधां दुखणां न्हय. बाहेरचां कायतरी हा. गावाक जावन देवाक कौल लावूया."

ह्यांनी पेपर खाली केला. "ताई, तुझ्या गुडघ्याला कौल लावलास काय? तेव्हा बरी ऑपरेशनला गेलीस!"

"गुडघो वेगळो, डोक्यां वेगळां! आणि मी म्हणतंय, चार महिने म्हायेराक धाडा तिका. पोटुशी नाय तां बरां आसा."

ओट्याशी कपबशा विसळायचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

कौल लावला आणि देवाने सांगितलंच — गोळ्या कुणी आणल्या — तर?

बुधवार, १० सप्टेंबर

संकष्टी. मी आणि आकांक्षा परळला चालतच गेलो. वैभवला सुट्टी नव्हती.

डॉक्टर संघमित्रा मॅडम वयाने लहान, बोलणं सडेतोड. मी विचारलंच, "हे होतं कशामुळे? औषध तर चुकवत नाही ती." त्यांनी कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या वरच्या थरात कोट्यवधी पेशी, एकमेकींना विजेच्या ठोक्याने निरोप देतात. पेशीने ठोका द्यायचा की गप्प राहायचं, ते तिथली रसायनं ठरवतात. एक उठवणारं, एक बसवणारं.

मी बघत राहिले. तशा त्या म्हणाल्या, "राहता कुठे? लालबाग? मग सोपं आहे. विसर्जनाची गर्दी डोळ्यांसमोर आणा. मागचे ढकलतायत — ते उठवणारं रसायन. बाजूने दोर धरून कार्यकर्ते उभे — ते बसवणारं. दोन्ही लागतात. ढकलणारे नसतील तर मिरवणूक हलणार नाही. पण दोर धरणाऱ्यांचे हात ढिले पडले तर?"

"चेंगराचेंगरी," मी म्हटलं.

"तीच फिट. सगळ्या पेशी एकदम ठोके देतात."

मी हळूच विचारलं, "म्हणजे… देवीचं काही नाही?"

त्या हसल्या नाहीत, हे बरं केलं. म्हणाल्या, "देवीचं मला सांगता येत नाही, मावशी. दोराचं सांगता येतं."

मग वही ओढली. "रोजच्या गोळीशिवाय गेल्या महिन्यात आणखी काही घेतलं होतं? घरगुती, आयुर्वेदिक, कसलंही?"

आकांक्षा सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "नाही मॅडम. काही नाही."

माझ्यासाठी खोटं बोलली पोर! चपलांकडे बघत बसले मी. तिथेच तोंड उघडायला हवं होतं.

निघताना मॅडमनी फिटच्या तारखा आणि पाळीच्या तारखा मागितल्या. आकांक्षा म्हणाली, "आठवून सांगते." मी म्हटलं, "आठवायला कशाला? घरी कॅलेंडर आहे." केवढी शहाणी मी!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कॅलेंडर खाली काढलं. लाल ठिपके होतेच. फिटच्या दिवशी मी काळी फुली करत आले, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही. वाईट गोष्टीची नोंद राहावी म्हणून असेल.

जून — फुली आठला, ठिपका नऊला.
जुलै — फुली सहाला, ठिपका सातला.
ऑगस्ट — फुली तीनला, ठिपका चारला.

अंगावर काटा आला. चार महिने माझ्याच भिंतीवर होतं! रोज सकाळी तिथी बघते, आणि हे दिसलं नाही.

सप्टेंबर — फुली दोनला, ठिपका सहाला.

ही एकच नाही जुळत. का नाही जुळत ते घरात आम्हा दोघींनाच माहीत आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

कागद बघून मॅडम खुर्चीत सरळच बसल्या. "मावशी, हे कुणी लिहिलं? आमच्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवते!"

मग समजावलं. बाईच्या अंगात महिनाभर दोन संप्रेरकं खालीवर होतात. एक मेंदूतल्या ढकलणाऱ्यांना जोर देतं. दुसऱ्यापासून जे बनतं ते दोर धरणाऱ्यांच्या हातात बळ देतं. पाळी यायच्या आधी हे दुसरं झपकन उतरतं. हात ढिले पडतात. काही बायकांना फिट नेमकी तेव्हाच येते. "असं असेल तर सोपं आहे. महिन्यातले ठरावीक दिवस एक छोटी गोळी जास्त. बाकी आहे तेच."

माझ्या तोंडून "गजानना!" निघून गेलं.

"पण ही सप्टेंबरची बघा. चार दिवस आधी आली. आधीच्या तिन्ही अगदी आदल्या दिवशी, आणि ही भलतीकडेच." पेन टेबलावर वाजवत बसल्या. "सगळ्या जुळल्या असत्या तर आजच लिहून दिलं असतं. नाहीतर मग दुसरं औषध वाढवायचं, रोजचं. जरा वजनदार आहे. ते चालू असताना बाळाचा विचार करता येणार नाही."

आकांक्षा ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती. बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं.

मीही मिटलं.

पुढच्या बुधवारी ठरवू म्हणाल्या.

शनिवार, २० सप्टेंबर

आज भाजी दोनदा खारट झाली. हे काही न बोलता जेवले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. माती, धान्य, अखंड दिवा — सगळं हाताने केलं, मन कुठेच नव्हतं. देवीपुढे बसले की ती पट्टीच दिसते. सुनेचं औषध माझ्या भिडेपायी चुकीचं ठरणार, मूल लांबणार, आणि मी नऊ दिवस उपास करणार? कुठल्या तोंडाने!

वैभवला सांगावं तर तो घर डोक्यावर घेईल. आकांक्षाला सांगायचं काय — तिला माहीतच आहे. मॅडमनाच सांगायला हवं.

बुधवार, २४ सप्टेंबर

एकटी गेले. आकांक्षाला म्हटलं, आज तुझा कामावर खाडा नको, मी फक्त कागद घेऊन येते.

उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ओवसा, औषधवाला, पट्टी, सगळं. मॅडम ऐकत होत्या, चेहरा दगडासारखा.

"पंधरा दिवस हे तुमच्याजवळ होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा ती 'नाही' म्हणाली. तुमच्यासाठी?"

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग खुर्ची दाखवली. "बसा. उपास ना? पाणी प्या. त्या गोळीमुळे फिट आली असं मी छातीठोक सांगणार नाही. आली असेल, नसेलही. पण आतलं वेळापत्रक तिने हलवलं, एवढं नक्की. म्हणजे हा महिना मला धरता येत नाही. उरलेले तीन जुळतात. तेवढ्यावर आपण छोटी गोळी देऊन बघू. वजनदार औषध थांबवते."

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडू नका, तारीख सांगा." सहा सप्टेंबरपासून अठ्ठावीस दिवस मोजले — चार ऑक्टोबर. त्यांनी कागदावर ठळक लिहिलं: दोन ऑक्टोबरपासून सुरू. त्या दिवसांत तिला गॅसजवळ आणि खिडकीजवळ एकटी सोडायची नाही. "आणि मावशी, ह्यात आता स्वतःचं डोकं नाही चालवायचं."

"देवीशप्पथ."

घरी येऊन आकांक्षाला गोळी दाखवली. मॅडमना काय सांगितलं ते बोलायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "दोन तारखेपासून घ्यायची."

"दोनला?" तिचा चेहरा उतरला. "त्याआधी…"

"त्याआधी काय?"

"काही नाही, आई."

गोळी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. किल्ली माझ्या कमरेला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आई, ती मॅडमची गोळी आजपासूनच घेऊ का?"

"का गं?"

"असंच. लवकर सुरू केलेली बरी, असं वाटतं."

मी कागद काढून तिच्यापुढे धरला. "हे वाच. दोन ऑक्टोबर. एक दिवस इकडे नाही, एक दिवस तिकडे नाही. ह्या वेळी मी मॅडमच्या शब्दाबाहेर जायची नाही!"

तिने कागद वाचला. मग गवार मोडायला बसली. तीन शेंगा मोडल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

बरं वाटलं मला. एकदा तरी नियमाने वागले.

रविवार, २८ सप्टेंबर



सकाळी आरतीचं ताट घासत होते. ती चहा गाळत होती. गॅसजवळ एकटी! माझ्या हिशेबाने पाळीला अजून सहा दिवस होते, म्हणून मी निर्धास्त. "आई —" एवढंच ऐकू आलं, तेही अर्धं. मग पातेलं. मग ती.

उकळता चहा डाव्या हातावर, कोपरापर्यंत. झटके थांबेनात. एक थांबली म्हणेपर्यंत दुसरी फिट. ह्यांनी गॅस बंद केला, वैभवने टॅक्सी आणली — रिकामी मिळेना तर आडवा उभा राहिला रस्त्यात. मी मांडीवर तिला कुशीवर धरून, तोंडाने नुसतं "आई गं, आई गं." कुठली आई, काय माहीत.

हॉस्पिटलात सुई दिली तेव्हा शांत झाली. हाताला पट्ट्या. मॅडम रविवार असून आल्या. तारखेचा कागद परत परत बघत होत्या. "आज का? आज यायला नको होती."

कप्प्यातली गोळी तशीच आहे. किल्ली माझ्या कमरेला. तिने मागितली होती! शुक्रवारी मागितली होती, आणि मी कागद दाखवला.

सोमवार, २९ सप्टेंबर

घरी आणलं. येताच बाजूला बसली. आज! चारला नाही, आज.

कॅलेंडरपुढे उभी राहिले. काहीच समजेना.

संध्याकाळी तिच्या उशाशी बसले. म्हटलं, "मी मॅडमना सांगितलं. गोळ्यांचं. माझ्यासाठी खोटं बोललीस, ते ओझं आता ठेवू नकोस. चूक माझी, बाळा. मला क्षमा कर."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग भिंतीकडे तोंड करून इतकी रडली, इतकी रडली, की मला वाटलं आता परत येते. काही केल्या सांगेना.

मंगळवार, ३० सप्टेंबर

अष्टमी. सकाळी आकांक्षाने लॅबच्या पर्समधून पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. एकही गोळी कमी नाही.

"आत कागद असतो, आई. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असं लिहिलं होतं. तुम्हाला नाही म्हणायचं धाडस झालं नाही. पूजेच्या दिवशी सकाळीच आली होती. तशीच साडी नेसवली. तशीच सुपं ओवाळली. सहाला नुसतंच खोटं बाजूला बसले." मग खाली बघून, "ओवसा मोडला का, आई?"

कॅलेंडरवर सहाचा ठिपका खोडला, एकवर दिला. दोनची फुली त्याला चिकटूनच आली. वैभव मॅडमना फोन लावतोय.

अखंड दिव्यातलं तेल खाली गेलं होतं. म्हटलं, "आकांक्षा, उजव्या हाताने तेवढं तेल घाल गं दिव्यात. माझे हात पिठाचे आहेत."

पिठाचे नव्हते.